आड, पोहरा आणि कारभारी

कारभार ह्या शब्दाचा अर्थ आपण सामान्यतः ‘माणसांकडून काम करवून घेणे’ असा करतो. कारखान्याचा व्यवस्थापक कामगारांकडून, कचेरीचा प्रमुख कारकुनांकडून, तर गावचा सरपंच ग्रामस्थांकडून काम करवून घेतो. आणि ज्याच्या शब्दासरशी काम झपाट्याने उरकते तो उत्तम कारभारी, अशी आपली समजूत असते. ही समजूत अगदीच चुकीची नव्हे. परंतु ती अपुरी खास आहे. माणसे ज्या जमिनीवर राबतात आणि जे पाणी पितात, त्या जमिनीचा व पाण्याचाही प्रत्येक कारभारात वाटा असतो, आणि त्यांना हुकूम सोडता येत नाही. पावसाला वेळेवर हजर राहण्याची ताकीद देता येत नाही, की आटलेल्या विहिरीला कारणे दाखवा अशी नोटीस बजावता येत नाही.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण आपल्या नित्य परिचयाची आहे. आजवरचे बहुतेक व्यवस्थापनशास्त्र पोहरा वेगाने कसा ओढावा ह्याचाच विचार करीत आले. आडात पाणी किती आहे, ते कोठून येते, आणि आपल्याबरोबर आणखी किती जणांनी त्यात पोहरे सोडले आहेत, हे पाहणे हेही कारभाऱ्याचे काम आहे. किंबहुना ते त्याचे पहिले काम आहे. हा विचार समजावून देणे हा प्रस्तुत पुस्तिकेचा हेतू होय.

राजधानीतील एक बावली

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जातो. पूर्वी ह्याला कर्झन रोड म्हणत. २०१३ साली उद्घाटन झालेले नवे महाराष्ट्र सदन ह्याच मार्गावर असल्यामुळे अनेक मराठी प्रवाशांच्या तो परिचयाचा आहे. ह्या मार्गालगतच्या हेली रोडवर ‘अग्रसेन की बावली’ नावाची एक प्राचीन पायविहीर आहे. आपल्याकडे जिला बारव म्हणतात, तिचाच हा उत्तरेकडील प्रकार. तिची लांबी सुमारे ६० मीटर व रुंदी सुमारे १५ मीटर असून शंभराहून अधिक पायऱ्या उतरल्यावर आपण तळाशी पोहोचतो. ह्या पायऱ्या पाणी भरण्यासाठी बांधलेल्या होत्या. आज मात्र बावलीचा तळ बहुतेक काळ कोरडा असतो.

पाणी कोठे गेले? बावलीचे बांधकाम तर शाबूत आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने ती संरक्षित स्मारक म्हणून जतन केली आहे. परंतु बावली म्हणजे केवळ दगडी चिरे नव्हेत. भोवतालच्या जमिनीत मुरणारा पाऊस आणि त्या जमिनीखालील पाण्याची पातळी हेही बावलीचेच अदृश्य भाग होत. भोवती रस्ते, इमारती व फरसबंदी झाली, तेव्हा पाणी मुरण्याची वाट अडली. आणि कूपनलिकांनी उपसा वाढला, तेव्हा असलेले पाणी खोल गेले. रस्ता करणाऱ्याने रस्ता चांगला केला, इमारत बांधणाऱ्याने इमारत चांगली बांधली, स्मारक राखणाऱ्याने स्मारक नीट राखले. प्रत्येकाने आपापले काम चोख बजावले, आणि विहीर आटली.

हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असल्यास यमुनेकडे पाहावे. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वेपुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरांवर गेली; १९७८ सालचा २०७.४९ मीटरांचा उच्चांक मोडला. त्या पुरात आयटीओ येथील बंधाऱ्याच्या ३२ दरवाजांपैकी पाच दरवाजे अडकून बसले होते. बंधारा दिल्लीत, परंतु त्याची देखभाल हरियाणाच्या सिंचन खात्याकडे, अशी तेव्हाची वाटणी होती. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या जूनमध्ये, त्याच नगरात पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली आणि शेजारच्या राज्यांकडून पाणी मिळावे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका वर्षी पूर आणि दुसऱ्या वर्षी टंचाई ही दोन निराळी संकटे भासतात. परंतु नदी एकच आहे. तिची वाटणी राज्याराज्यांत आणि खात्याखात्यांत झालेली आहे, एवढेच.

प्रणाली म्हणजे काय?

परस्परांशी बांधलेल्या घटकांच्या अशा समूहाला शास्त्रात ‘प्रणाली’ म्हणतात. घड्याळाचे सुटे भाग परडीत टाकले तर ते घड्याळ होत नाही. ते एकमेकांत गुंतले म्हणजेच वेळ दाखवतात. प्रणालीचे गुण तिच्या भागांत नसून त्या भागांच्या संबंधांत असतात. विसाव्या शतकात लुडविग फॉन बर्टालन्फी ह्या ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञाने सजीवांच्या अभ्यासातून हा विचार मांडला, आणि पुढे तो इतर शास्त्रांतही पसरला.

व्यवस्थापनात तो आणण्याचे मोठे श्रेय जे फॉरेस्टर ह्या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. १९५६ साली ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या व्यवस्थापन विद्यालयात आले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकी येथील कारखान्यात तेव्हा एक कोडे पडले होते : काही काळ कामाच्या जादा पाळ्या चालत, आणि दोन-तीन वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. बाजारातील मंदी-तेजी हे त्याचे कारण असावे, असे अधिकाऱ्यांना वाटे. फॉरेस्टर ह्यांनी मागणी, शिल्लक माल आणि कामगारभरतीचे नियम विचारून घेतले व वहीवर पेन्सिलीने आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला. बाहेरची मागणी स्थिर धरली तरीही कारखाना स्वतःच्याच नियमांमुळे हेलकावे खातो, असे त्यांना आढळले. दोष बाजारात नव्हता, तसाच कोणा एका माणसातही नव्हता. तो घटकांच्या जुळणीत होता.

ह्या शास्त्रातील तीन कल्पना ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल. पहिली कल्पना साठा आणि ओघ ह्यांची. रांजणातील पाणी हा साठा. त्यात ओतले जाणारे व त्यातून काढले जाणारे पाणी हे ओघ. दुसरी कल्पना प्रत्याभरणाची, म्हणजे एखाद्या कृतीचा परिणाम फिरून त्या कृतीवरच होण्याची. रांजण रिता होऊ लागलेला दिसला की आपण जपून पाणी घेतो. येथे परिणाम कृतीला आवर घालतो. तिसरी कल्पना विलंबाची. रांजणावर झाकण असेल आणि आत किती पाणी उरले हे महिन्यानंतरच कळणार असेल, तर जपून वापरण्याची बुद्धीही महिना उशिराच होईल.

भूजल म्हणजे झाकण घातलेला रांजण होय. शिवाय त्यातून अनेक घरे पाणी घेतात. शेजाऱ्याने २०० फूट खोल कूपनलिका खणली की आपली विहीर आटते; म्हणून आपण ३०० फूट खणतो, आणि तो ४०० फुटांवर जातो. येथे परिणाम कृतीला आवर घालण्याऐवजी चिथावणी देतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमापासून जमिनीच्या मालकाला तिच्याखालील पाणी उपसण्याचा जवळजवळ अनिर्बंध हक्क मानला गेला आहे. परंतु बांधावर रोवलेला दगड खालच्या पाण्याला दिसत नाही. प्रत्येकाचे वागणे त्याच्यापुरते शहाणपणाचे असते, आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र कोरडी विहीर होते. अशा वेळी ‘अधिक जोमाने काम करा’ असे सांगणारा नेता संकट लांबणीवर टाकीत नाही. तो ते जवळ आणतो.

कारखानदाराने मांडलेला हिशेब

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र विसरू शकत नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष माणसे सरकारी दुष्काळी कामांवर राबत होती. योगायोग असा की, १९७२ सालीच फॉरेस्टर ह्यांच्या पद्धतीने हिशेब मांडून डोनेला मेडोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. सीमित पृथ्वीवर अमर्याद वाढ संभवत नाही, हा त्याचा आशय. महाराष्ट्रातील खेडुताला मात्र ती सीमा ग्रंथावाचूनच समोर दिसत होती.

पुण्याचे अभियंता व कारखानदार विलासराव साळुंखे ह्यांनी ह्या काळात पुरंदर तालुक्यातील खडी फोडणारी माणसे पाहिली. त्यांच्या व्यवस्थापकाच्या दृष्टीला त्यात एक विसंगती दिसली : श्रमशक्ती विपुल होती, परंतु तिच्यातून ज्या साठ्याची उणीव होती तो साठा, म्हणजे मातीतील पाणी, वाढत नव्हता. नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर ओसाड जमीन त्यांनी खंडाने घेतली. उतारावर बांध घातले, पाणी मुरविण्यासाठी तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली आणि पाणी उचलून शेताला दिले. ओसाड माळ पिकू लागला. परंतु खरा प्रश्न त्यानंतरचा होता. पाणी आले, आता ते कोणाचे?

ह्या प्रश्नाच्या उत्तरातून १९७४ च्या सुमारास ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम थोडे पण मूलगामी होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येनुसार : माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. उसासारखी पाणीखाऊ पिके घ्यावयाची नाहीत. योजना एकट्यादुकट्याला नाही, गटालाच मिळेल. आणि तिच्या खर्चाचा पाचवा हिस्सा गटाने स्वतः उचलावा.

ह्यांतील भूमिहीनाच्या वाट्याचा नियम केवळ दयाबुद्धीचा नव्हता. पाण्याचे राखण सर्वांनी करावयाचे असेल, तर त्यात सर्वांचे हित गुंतलेले असले पाहिजे. ज्याला वाटा नाही, त्याने नियम का पाळावा? न्याय हा येथे नीतीचा अलंकार नसून यंत्रातील आवश्यक कळ आहे. पुढे ह्या योजना अनेक गावांत झाल्या. त्या सर्वच टिकल्या नाहीत. परंतु पाण्याच्या कारभारात माणशी वाट्याचा विचार त्यांनी कायमचा रुजवला.

हिवरे बाजारचा ताळेबंद

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे सुमारे ९७७ हेक्टरांचे गाव पर्जन्यछायेत आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी ४०० मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. १९७२ नंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, आणि माणसे पोटासाठी बाहेर पडू लागली. १९८९ साली गावातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत गाव सामील झाले.

तेथे झालेल्या कामाचा क्रम पाहण्याजोगा आहे. प्रथम डोंगरउतार हाती घेतला गेला. रोजगार हमी योजनेतून आणि श्रमदानातून सुमारे ४०,००० समतल चर खोदले गेले, त्यानंतर मातीचे व दगडाचे बांध आले. त्याबरोबरच कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आली : झाड तोडावयाचे नाही, डोंगरावर जनावर सोडावयाचे नाही, गवत विळ्याने कापून न्यावयाचे. म्हणजे आधी साठ्यात येणारा ओघ सुधारला. परंतु गाव तेथेच थांबले असते, तर अधिक पाण्यामागे अधिक उपसा लागला असता आणि पूर्वीची शर्यत पुन्हा सुरू झाली असती. म्हणून बाहेर जाणाऱ्या ओघालाही नियम लागले : शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गावाने आपला साठा मोजण्यास प्रारंभ केला. पर्जन्यमापकावरील आकडे आणि निवडक विहिरींची पातळी नोंदवून, भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या साहाय्याने, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. पावसाळा संपला की ग्रामसभेपुढे तो ठेवतात. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात. उरलेल्यात रब्बीची कोणती पिके व किती क्षेत्रात घ्यावयाची ते ठरते. पाऊस कमी, तर पाणी अधिक पिणारी पिके कमी.

हा हिशेब वाचकांना सहज करून पाहता येईल. एक हेक्टरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ९७७ हेक्टरांवर ४०० मिलीमीटर पाऊस पडला तर सुमारे ३९० कोटी लिटर पाणी होते. आकडा प्रचंड दिसतो. परंतु त्यातील पुष्कळसे वाफ होऊन जाते, काही वाहून जाते. एक हेक्टर उसाला त्याच्या साऱ्या वाढीत साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते असे धरले, तर गावाच्या पाचव्या हिस्स्यात, म्हणजे १९५ हेक्टरांत, ऊस लावला असता वर्षाचा सारा पाऊस कागदावरच संपून जातो. मग ऊसबंदी हा हट्ट राहत नाही. ते साधे गणित ठरते.

परिणाम हळूहळू, परंतु दूरवर दिसले. पाणी आले तसे गवत वाढले. गवत वाढले तशी दुभती जनावरे वाढली. १९९० च्या दशकाच्या मध्यास दररोज सुमारे १५० लिटर असलेले दूध पुढे काही हजार लिटरांवर गेले. १९९५ मध्ये १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढील दीड दशकात ही संख्या तीनवर आल्याची नोंद आहे. बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परतली. चर डोंगरावर खोदले गेले, आणि फळ गोठ्यात दिसले! प्रणालीत कारण एका ठिकाणी व कार्य दुसऱ्याच ठिकाणी असते, ते असे.

दिल्लीत ह्याहून जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो, ही गोष्ट येथे आठवावी. राजधानीत माणसांची दाटी कित्येक पटींनी अधिक आहे, म्हणून ही तुलना सरळसोट करता येत नाही. परंतु पाऊस किती पडतो ह्याइतकेच तो किती मुरतो, आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो, हेही महत्त्वाचे आहे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येईल.

जुनी मुळे

हा विचार आपल्या मातीला परका नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर शतकानुशतके चालत आलेली ‘फड’ पद्धती हे त्याचे उत्तम उदाहरण होय. नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने आणीत, आणि भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन-चार फड पाडीत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि फडांतील पिके पाळीपाळीने बदलावयाची. कोणता फड भिजवावयाचा हे पाणी पाहून शेतकरी मिळून ठरवीत. शेतकरी स्वतः पाटाला हात लावीत नसे. पाणी देण्यासाठी पाटकरी आणि राखणीसाठी जागल्या नेमलेला असे. प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला तरी कोणा एकावरच संकट कोसळत नसे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन विदुषीने स्पेनमधील पाटबंधारे, स्वित्झर्लंडमधील कुरणे अशा सामाईक संपत्तीचा तुलनात्मक अभ्यास करून १९९० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत तिच्या सीमा स्पष्ट असतात, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, राखणदार त्यांनाच जबाबदार असतो, आणि नियमभंगाची शिक्षा पायरीपायरीने वाढते, असे त्यांना आढळले. ह्या कार्याबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फडाच्या पाटकऱ्याला हे निष्कर्ष नवे वाटले नसते.

मग नेत्याचे काम कोणते?

येथे एक आक्षेप संभवतो. हिवरे बाजारला पोपटराव पवार लाभले, पुरंदरला विलासराव साळुंखे लाभले. असा माणूस जेथे नाही तेथे काय करावे? आक्षेप रास्त आहे. तळमळीच्या माणसावाचून असे काम सुरू होत नाही. परंतु ह्या माणसांनी नेमके काय केले ते पाहावे. त्यांनी प्रत्येक शेताचा निर्णय स्वतःकडे घेतला नाही. कारभाराची सीमा कचेरीच्या भिंतीपासून डोंगराच्या माथ्यापर्यंत नेली. लपलेला साठा आकड्यांच्या रूपाने सर्वांना दिसेल असा केला. आणि नियम व्यक्तीच्या मर्जीवर न ठेवता सभेच्या ठरावात बांधला. झाकलेल्या रांजणाचे झाकण त्यांनी उघडले, असे म्हणता येईल. साठा दिसू लागला म्हणजे माणसे बरेचसे नियंत्रण आपण होऊन करू लागतात. ‘गाव करी ते राव न करी’ ह्या म्हणीचा शास्त्रीय अर्थ हाच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे शेत आहे तो गवताची वाट पाहू शकतो. ज्याच्याकडे चार शेळ्यांवाचून काही नाही, त्याला पहिल्या दिवसापासून झळ लागते. समग्राच्या हिताचे नाव घेऊन दुर्बळावर ओझे लादणे सोपे असते. म्हणून समग्राचा विचार करणाऱ्या नेत्याने प्रत्येक नियमाबरोबर दोन प्रश्न विचारावेत : ह्याची किंमत प्रथम कोण देतो, आणि ह्याचे फळ त्याला केव्हा मिळते? पाणी पंचायतीने भूमिहीनाला वाटा दिला, तो ह्याच प्रश्नांना धरून होता. ह्या प्रश्नांवाचून केलेला निसर्गाचा कारभार हा जुन्याच हुकमतीचा नवा वेष ठरेल.

शाळेत करून पाहण्याजोगे

हा विषय केवळ वाचून समजणारा नाही. आपल्या शाळेजवळची एक विहीर निवडावी. शिक्षकांच्या देखरेखीखाली, दर महिन्याच्या एका ठराविक तारखेस, सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी, वजन बांधलेली दोरी सोडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे व वहीत लिहावे. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून पावसाचे आकडेही त्याच वहीत उतरावेत. एका वर्षानंतर दोन्हींचे आलेख एकाखाली एक काढावेत. पाऊस पडल्यावर किती दिवसांनी विहीर चढते? कोणत्या महिन्यात ती वेगाने उतरते, आणि त्या महिन्यात भोवताली कोणते पीक उभे असते? शहरातील शाळांनी आपल्या नळाचे पाणी कोणत्या नदीतून, कोणत्या धरणातून येते ह्याचा नकाशा काढावा.

आलेख पुरा झाला म्हणजे तो वर्गाच्या भिंतीवर न ठेवता ग्रामसभेच्या किंवा मोहल्ल्याच्या बैठकीत न्यावा. मोठ्यांनी तो पाहावा, त्यावर वाद घालावा, आणि येत्या हंगामात किती पोहरे ओढावयाचे ते मिळून ठरवावे.